‘आमच्या हातून’ म्हणालात, त्याबद्दल

आदरणीय सिस्टर,

तुम्ही रिटायर झालात त्या दिवशी हार-नारळ आणि फोटोंच्या गडबडीत बोलायचं राहूनच गेलं. आज सगळ्यांसमोर लिहितेय, कारण यातलं बरंच काही नव्याने वॉर्डला लागलेल्या पोरींच्याही कामाचं आहे.

कागलकडच्या त्या आजी आठवतात? खुब्याचं हाड मोडून आल्या होत्या. ऑपरेशननंतर पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रोज एकदा एनॉक्सापॅरिन ४० मिलिग्रॅम, पोटावर कातडीखाली. मला नोकरीला लागून महिनाही झाला नव्हता. सुई काढली तशा सूनबाई म्हणाल्या, “चोळा की जरा, न्हाईतर गाठ धरंल.” मी कापसाने चांगलं चोळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लुगडं बाजूला केलं तर बेंबीच्या डावीकडे तळहाताएवढं काळंनिळं झालेलं. सूनबाई रडायलाच लागल्या.

आता वॉर्डभर ऐकू जाईल असं बोलणं बसणार, असं मी धरूनच चालले होते. तुम्ही आधी डाग हलकेच चाचपून बघितलात, कडक आहे की मऊ. खिशातलं पेन काढून डागाच्या कडेकडेने रेघ ओढलीत आणि बाजूला वेळ लिहिलीत, म्हणजे रेघेबाहेर पसरला तर लगेच कळेल. बीपी, नाडी घेतलीत, डॉक्टरांना फोन केलात, प्लेटलेटचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशींचा, रिपोर्ट काढून बघितलात. मग स्टूल ओढून आजींजवळ बसलात. “आजी, हे रक्त पातळ करायचं औषध. सुई टोचल्यावर तिथं चोळायचं नसतं. आमच्या हातून चोळलं गेलं.”

आमच्या हातून. माझ्याकडे वळूनही बघितलं नाहीत.

दुपारी ड्यूटी रूममध्ये तुम्ही टॉवेलची घडी घातलीत आणि ती पोटाची कातडी समजून मला अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरायला लावलीत. तो अर्धा तास मला कॉलेजच्या अख्ख्या वर्षाएवढा वाटतो. पूर्ण डोस द्यायचा असेल तर भरून आलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढायचा नाही, हे मला तेव्हा कळलं. तोवर मी सवयीने टिचकी मारून काढत होते. सुई खाली धरली की बुडबुडा वर दट्ट्यापाशी जातो आणि औषधाच्या मागून जाऊन शेवटचा थेंबही आत ढकलतो. सिरिंजमधलं थोडंच द्यायचं असेल तर मात्र जादाचं आधी काढावं लागतं. बेंबीपासून दोन इंच लांब राहायचं, जुना व्रण आणि निळी जागा सोडायची, आज डावीकडे तर उद्या उजवीकडे. सुई सरळ, पूर्ण आत. दट्ट्या मागे ओढून रक्त बघायचं नाही. औषध सावकाश सोडायचं आणि ते पूर्ण जाईपर्यंत चिमूट सोडायची नाही. मी घाईने सोडली तशी तुम्ही टॉवेल परत माझ्यापुढे सरकवलात. सात-आठ वेळा तरी सरकवला असेल.

आणि तालमीतले ते वस्ताद! सत्तरी उलटलेली, तरी पोट पाटीसारखं, चिमटीत कातडीच येईना. मी भीत भीत तशीच टोचणार होते. “स्नायूत गेलं तर आत रक्त साकळंल,” म्हणत तुम्ही त्यांचे गुडघे दुमडायला लावलेत, पोट सैल सोडायला सांगितलंत आणि कडेला कमरेच्या बाजूला हात नेलात. तिथे बरोबर घडी सापडली.

पण तुमचं सगळ्यात मोठं देणं हे की तुम्ही सुईच्या आधीचं बघायला शिकवलंत. हिरड्यांतून रक्त येतंय का, शी काळी होतेय का, घरून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या गुपचूप चालू आहेत का. किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन किती आहे, कारण किडनी मंद असली की हे औषध अंगात साठतं. पाठीत भुलेची नळी असेल तर भूलतज्ज्ञांना विचारल्याशिवाय डोसही नाही आणि नळीला हातही नाही. हेपॅरिन, म्हणजे रक्त पातळ करायचंच दुसरं औषध, त्याच्या बाटल्या तर तुम्ही दोघींना मोठ्याने वाचायला लावायचात, कारण एका मिलीत १००० युनिटची आणि ५००० युनिटची, दोन्ही कपाटात असायच्या. तेव्हा शाळेतल्यासारखं वाटायचं. आता माझ्या वॉर्डात मीही तसंच वाचून घेते. घरी इंजेक्शन द्यावं लागणार असेल तर डिस्चार्जच्या आधी लेकाला नाहीतर सुनेला टॉवेलची घडी धरायला लावते, आणि “चोळू नका” हे तीन वेळा सांगते.

त्या दिवशीचं एक मात्र तुम्हाला कधी बोलले नाही. डाग रेघेच्या आतच होता, डॉक्टरांनी औषध चालू ठेवायला सांगितलं. पुढचा डोस दुसरी सिस्टर देईल असं मला वाटलं होतं. तुम्ही आजींना विचारलंत, “हीच देऊ दे का?” आजी म्हणाल्या, “दिऊ दे की. पोरगी शिकाय नको व्हय?” तुम्ही ट्रे माझ्या हातात दिलात आणि पलंगाच्या पलीकडे जाऊन उभ्या राहिलात. माझा हात थरथरत होता. उजवी बाजू घेतली. सुई काढल्यावर नुसता कापूस धरून ठेवला, तुम्ही मान हलवेपर्यंत.

तुमच्या हाताखालची,
एक सिस्टर, कोल्हापूर