स्टुटगार्टहून देगलूरला

ती. अण्णा आणि ती. आईस साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, थंडीही ओसरली. आई, तू फोनवर म्हणालीस, "पिच्चर बघायला टाइम हाय, घरी यायला न्हाई." अगं, महिन्यातून कधीतरी जाते, तेही तिकीट स्वस्त असतं त्या दिवशी. एकटी नसते, ऑफिसातल्या बाया असतात सोबत.

पण अण्णा, इथला एक प्रकार तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. इथं इंग्रजी सिनेमा जर्मन बोलतो. मूळ इंग्रजीतला खेळ मुद्दाम शोधावा लागतो. तुम्ही म्हणाल त्यात काय, आपणही तेलुगू सिनेमे हिंदीतच बघतो. तसं नाही हो. इथं मोठ्या नटाला आवाजाचा माणूस ठरलेला. टॉम हँक्स म्हटलं की आर्ने एल्सहोल्ट्स, वर्षानुवर्षं. 2016 साली ते वारले आणि टॉम हँक्स वेगळ्याच आवाजात बोलायला लागला. आमच्या ऑफिसातली एक बाई अजून कुरकुरते, म्हणे हा तो नव्हेच! बाई गं, त्याचा खरा आवाज तू ऐकलास कधी? आपल्याकडं हिंदीत बाहुबलीला शरद केळकर, पुष्पाला श्रेयस तळपदे. दोघंही आपलीच मराठी माणसं, पण त्यांच्यासाठी कुणी असं हळहळल्याचं मी ऐकलं नाही. तुम्हाला तर मारामारी असली की झालं.

आता 'दे धक्का'तल्या मकरंद अनासपुरेला जर्मन बोलायला लावा बरं. उरेल काय? आपल्या मराठवाड्याचं बोलणं काढलं की त्यातला अर्धा सिनेमा गेला. मला तो कधीही लावा, मी बघते. तो ज्या इंग्रजी सिनेमावरून घेतला, त्या 2006 सालच्या 'लिटल मिस सनशाइन'मधली ढकलून चालू करायची पिवळी गाडी फोक्सवॅगनची, म्हणजे इथलीच. हे ऑफिसात सांगितलं तर कुणी हसलं नाही.

'बागबान' मात्र मला आवडत नाही. आणि तो टीव्हीवर लागला की तुम्ही नेमका मलाच फोन करता, तेही. चारही पोरं एकजात नालायक, अन् सांभाळलेला सलमान तेवढा देवमाणूस! असं असतं का कुणाच्या घरी? एखादं लेकरू लांब असेल, पैसे धाडत असेल, निघावंसं वाटूनही निघता येत नसेल, असं त्यात एकही नाही. आईबापाची वाटणी होते तेव्हा मी उठून जायचे, ते कंटाळा आला म्हणून नाही.

बाळूच्या साखरपुड्याला सुट्टी मिळाली नाही. त्याला मी समजावलंय, तुम्ही परत विषय काढू नका. लग्नाचं तिकीट काढलंय, आठ दिवस आधी येते. उदगीरच्या स्थळाला नाही म्हणू नका, हो पण म्हणू नका. मुलाशी मी स्वतः बोलेन, मगच पत्रिकेचं बघा. सोयाबीन पडत्या भावात विकायची घाई करू नका, लागतील तेवढे पाठवलेत. आईच्या खात्यावर टाकलेत. अण्णांच्या खात्यावर टाकले असते तर संध्याकाळपर्यंत मंडपवाल्याकडं पोचले असते.

तुमची,
सुनी