आधी मोजक्या गाड्या, मग पाच हजार

एसटीच्या ५,००० डिझेल बसगाड्या एलएनजी म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालवण्याच्या निर्णयाचे स्वागत करणारा लेख आपल्या अंकात वाचला. धूर कमी होणार असेल तर आनंदच आहे. पण जनतेचा पैसा एकदम एवढ्या प्रमाणावर गुंतवण्यास माझा आक्षेप आहे.

हा वायू उणे १६२ अंशांच्या आसपास द्रवरूपात राहतो. टाकी कितीही चांगली असली तरी बाहेरची उष्णता आत शिरते, थोडा वायू सतत उकळत राहतो आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली की दाब वाढून तो बाहेर सोडावा लागतो. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात सुट्या भागांची वाट पाहत आगारात उभ्या राहणाऱ्या गाड्या नागपूरकरांनी पाहिल्या आहेत. त्यांच्या टाक्यांतल्या इंधनाचे काय?

ब्रिटनच्या सरकारी गॅस कौन्सिलने १९५९ मध्ये हा वायू समुद्रमार्गे आणून पाहिला, तो एका जुन्या मालवाहू जहाजात बदल करून. आणखी काही फेऱ्यांचा अनुभव घेतला आणि मगच १९६४ मध्ये अल्जीरियातून नियमित आयात सुरू केली. आपल्याकडे जहाजातून हा वायू उतरवून घेणारे दाभोळचे टर्मिनल लाटारोधक बंधारा अपुरा असतानाच सुरू झाले आणि कित्येक वर्षे पावसाळ्यात बंद ठेवावे लागले.

महामंडळाने विदर्भातील एखाद्या आगारात मोजक्या गाड्या दोन उन्हाळे चालवाव्यात आणि दर किलोमीटरचा खर्च व वाया गेलेला वायू दरमहा जाहीर करावा. युक्रेन युद्धामुळे २०२२ मध्ये आयात वायूचे दर कसे भडकले होते, तेही त्या हिशेबात धरावे.

– एक वाचक, नागपूर