वीस माकडं आणि कॉलेजचं स्टॉक रजिस्टर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘प्राण्यांवरचे सगळे प्रयोग तातडीने बंद करा, आता संगणक आहेत’ अशा आशयाचं एका भगिनीचं पत्र आपल्या अंकात वाचलं. त्यांचा कळवळा खरा आहे आणि अर्धं म्हणणं मला पटलंही. उरलेल्या अर्ध्याबद्दल लिहितो.

२०२० च्या टाळेबंदीत कोव्हॅक्सिन या करोनावरच्या लशीच्या चाचणीसाठी ऱ्हीसस जातीची माकडं हवी होती. प्रयोगशाळेत वाढवलेली मिळेनात, म्हणून त्यांच्या शोधात माणसं महाराष्ट्रातली रानं तुडवत फिरली. लोकांची वर्दळ थांबल्यामुळे माकडांना मिळणारा खाऊ बंद झाला होता आणि ती आत जंगलात निघून गेली होती. अखेर सापडली ती आमच्या नागपूरजवळ. आयसीएमआर, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे तेव्हाचे महासंचालक डॉ. बलराम भार्गव यांनीच हे लिहून ठेवलं आहे. (रामटेकच्या वानरांची काळजी करणाऱ्यांसाठी: ती काळ्या तोंडाची, ही लाल तोंडाची.)

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत वीस माकडांचे पाच-पाचांचे चार गट केले. तीन गटांना लशीची तीन वेगवेगळी मिश्रणं दिली, चौथ्याला लशीऐवजी निरुपद्रवी इंजेक्शन. नंतर सगळ्यांच्या श्वसनमार्गात जिवंत विषाणू सोडला. लस मिळालेल्यांच्या फुप्फुसांत न्यूमोनिया दिसला नाही, चौथ्या गटात दिसला. फुप्फुसं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, म्हणजे माकडांचं काय झालं हे वेगळं सांगायला नको.

हे संगणकावर जमलं असतं का? नाही. लस घेतलेल्या जिवंत शरीरात विषाणू शिरल्यावर नेमकं काय घडतं, ते शरीरातच पाहावं लागतं. आणि हातात धड औषध नसताना माणसाला मुद्दाम आजारी पाडणं त्या वर्षी शक्य नव्हतं. दंडावर कोव्हॅक्सिन घेतलेल्यांत मीही आहे. ‘बंद करा’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पण शास्त्रज्ञांच्या बाजूने बोलणारे जे चित्र रंगवतात, तेही तितकं स्वच्छ नाही. आधी सगळं प्राण्यांवर आणि मगच माणसांवर, असा सरळ जिना इथे नव्हता. उंदीर-सशांवरच्या चाचण्यांनंतर माणसांवरची पहिली फेरी जुलैत सुरूही झाली, माकडांचे निष्कर्ष सप्टेंबरात जाहीर झाले. आणि प्राण्याने दिलेला कौल माणसाला लागू पडेलच असंही नाही. मार्च २००६ मध्ये लंडनला टीजीएन १४१२ हे औषध सहा निरोगी स्वयंसेवकांना टोचलं. माकडांना जो डोस सोसला होता त्याच्या पाचशेव्या हिश्श्याएवढाच होता तो. तरी काही तासांत सहाही जण अतिदक्षता विभागात पोहोचले. जीव वाचले, पण अवयव निकामी होऊ लागले होते.

माझं आयुष्य औषधनिर्माणशास्त्राच्या कॉलेजात गेलं. नोकरीला लागलो तेव्हा प्रात्यक्षिकाला बेडूक असायचे. मानेमागे सुई घालून मेंदू नि मज्जारज्जू निकामी करायचा, छाती उघडून हृदयाला दोरा बांधायचा, तो तरफेला जोडायचा. काजळी धरलेला कागद गुंडाळलेला ड्रम फिरत राही आणि त्यावर पांढरी रेघ उमटे. अॅड्रेनॅलिन टाकलं की ठोके जोरात, अॅसिटिलकोलिन टाकलं की मंद. हे उत्तर पुस्तकात छापलेलंच होतं. दरवर्षी नव्याने बेडूक मारून आम्ही तेच उत्तर काढत होतो. गंमत म्हणजे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या १७ व्या कलमात तेव्हाही स्पष्ट लिहिलेलं होतं की पुस्तकं, प्रतिकृती, चित्रफिती यांवर भागत असेल तर शिक्षणात असे प्रयोग टाळावेत. अंमलात यायला किती वर्षं गेली ते विचारू नका. आता मुलं ती रेघ संगणकावर पाहतात आणि त्यांचं काही अडत नाही. सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरच्या चाचण्या आपल्याकडे २०१४ मध्ये बंद झाल्या, तेही चांगलंच झालं. मार्च २०२३ मध्ये नवी औषधे व चिकित्सालयीन चाचण्यांचे नियम बदलले. मानवी पेशींवरच्या किंवा संगणकावरच्या पद्धतींचा पुरावा आता चालतो. तेव्हा ‘प्राण्यांवाचून पर्यायच नाही’ हे प्रत्येक प्रयोगासाठी वेगळं सिद्ध करायला हवं, सरसकट म्हणून भागणार नाही.

ते तपासायचं काम प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्राच्या समितीचं आणि प्रत्येक संस्थेतल्या नैतिक समितीचं आहे. त्यांच्या कागदांत आकडे असणारच. ब्रिटनचं गृहखातं दरवर्षी जाहीर करतं: कोणते प्राणी, किती प्रयोग, कशासाठी, आणि प्राण्याला झालेला त्रास सौम्य होता की तीव्र. आपल्याकडेही तसा वार्षिक तक्ता सर्वांना पाहता येईल असा निघावा, एवढीच माझी मागणी. त्या भगिनींनाही मग मोघम चिडावं लागणार नाही. नेमक्या प्रयोगावर बोट ठेवता येईल.

आमच्या कॉलेजच्या स्टॉक रजिस्टरमध्ये बेडकांची नोंद ‘खर्ची साहित्य’ या रकान्यात असे, वर गाळणकागद आणि खाली स्पिरिट. एका बॅचला दहा, आठवड्याला तीन बॅचेस. त्यापुढे सही माझी.

आपला,
एक निवृत्त औषधनिर्माणशास्त्र शिक्षक, नागपूर