विजा चमकत असताना मुलांना तलावात उतरवल्याबद्दल तक्रार

दिनांक : ९ ऑक्टोबर

प्रति,
मा. संचालक,
मुलांच्या ट्रायथलॉनची आयोजक कंपनी,
पुणे

विषय : १० ते ११ वयोगटाची स्पर्धा विजांच्या पावसात सुरू केल्याबाबत

महोदय,

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मुळशी तालुक्यातल्या तलावावर आपण घेतलेल्या मुलांच्या ट्रायथलॉनमध्ये माझी अकरा वर्षांची मुलगी उतरली होती. २०० मीटर पोहणे, ५ किलोमीटर सायकल, दीड किलोमीटर धावणे, प्रवेश शुल्क २,२०० रुपये. त्या दुपारी २ वाजून ५५ मिनिटांनी, विजा चमकत असताना, आपल्या माणसांनी तिच्या गटातल्या ३४ मुलांना पाण्यात सोडलं. माझी तक्रार ह्या निर्णयाबद्दल आहे. टी-शर्टचं माप चुकलं, गाड्या लावायला जागा नव्हती, ह्या गोष्टी मी ह्या पत्रात आणत नाही.

आधी एक सांगते. पावसाला घाबरणारे पालक आम्ही नाही. दोन वर्षं ही मुलगी पहाटे साडेपाचला पोहायला जाते. जून-जुलैत तिने भर पावसात सायकल चालवली आहे. ओल्या रस्त्यावर ब्रेक आधीपासून हळूहळू दाबायचा, रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर सायकल वळवायची नाही, हे तिच्या सरांनी तिला शिकवलं आहे. पाऊस आणि वारा ह्या खेळात धरलेलेच असतात. वीज धरलेली नसते.

नोंदणी केली तेव्हा मुलांची वेळ सकाळी ७ ची होती. स्पर्धेच्या दोन दिवस आधी आपला ईमेल आला की मुलांचा गट साडेबाराला सुटेल, कारण सकाळची वेळ मोठ्यांना दिली आहे. मोठ्यांची स्पर्धा लांबली, मग त्यांचा बक्षीस समारंभ झाला, पाहुण्यांची भाषणं झाली, आणि मुलं पोहण्याच्या कपड्यांत टोप्या घालून अडीच तास ताटकळत बसली. हस्ताचा पाऊस कधी फुटतो हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. सकाळी स्वच्छ ऊन, दुपारी घामाच्या धारा, मग पश्चिमेकडून काळं आभाळ आणि गडगडाट. परतीच्या पावसात शेतात काम करणारी माणसं विजेने दगावल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. अशा दिवसांत सकाळची सुरक्षित वेळ मोठ्यांना आणि दुपारची वेळ लहानांना, हा हिशेब आपल्या कार्यालयात कुणी केला, हे मला कळलं पाहिजे. मोठ्यांची फी जास्त असते, हे मला माहीत आहे.

२ वाजून ४० मिनिटांनी पहिला गडगडाट ऐकू आला. माझ्या मुलीला शाळेत शिकवलं आहे की वीज दिसली की आवाज येईपर्यंत आकडे मोजायचे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे तीन सेकंदांना एक किलोमीटर. आम्ही दोघी मोजत होतो. पहिल्यांदा वीस आले. काही मिनिटांनी बारा आले, म्हणजे वीज चार किलोमीटरवर होती आणि आमच्याकडे सरकत होती. हे अंतर मोजण्याचा नियम जगभर मैदानी खेळांत पाळला जातो : वीज आणि आवाज ह्यांत तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर खेळ थांबवायचा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबून मगच पुन्हा सुरू करायचा. उघड्या पाण्यात पोहणाऱ्याचं डोकं हेच आजूबाजूला सगळ्यांत उंच असतं, आणि पाण्यावर पडलेली वीज पृष्ठभागावर पसरते.

मी सुरुवातीच्या रेषेवर उभ्या असलेल्या माणसाकडे गेले. त्याने मला माईकवाल्याकडे पाठवलं. माईकवरून उत्तर आलं, "पालकांनी मागे व्हावं. पोरं पाण्यातच उतरणार आहेत, भिजायला काय घाबरायचं!" आजूबाजूचे लोक हसले. मी मागे झाले. मुलीला हाताला धरून बाहेर का काढलं नाही, असं आपण विचाराल. चार रात्री मी स्वतःला तेच विचारते आहे. ज्यांच्याकडे जीवरक्षक आहेत, डॉक्टर आहेत, पंचवीस वॉकीटॉकी आहेत, त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत असणार, असं मी धरून चालले. त्याच भरवशावर मी ती फी भरली होती.

मुलं पाण्यात शिरली आणि दोनच मिनिटांत आडवा वारा सुटला. वळणाची खूण म्हणून तरंगत ठेवलेला पिवळा बोया जागेवरून सरकत आत जायला लागला. मुलं बोयाकडे बघून पोहत होती, म्हणजे तीही त्याच्यामागे आत चालली होती. लाटा तोंडावर येत होत्या. ३४ मुलांना दोन कयाक, म्हणजे वल्ह्याच्या लहान होड्या, आणि एक मोटरबोट. त्या कयाकवरच्या दोन तरुणांचे आभार मी मानते. त्यांनी कुणाच्या हुकमाची वाट न पाहता मुलं कयाकला धरून ठेवायला सुरुवात केली. माझ्या मुलीच्या शेजारी पिवळ्या टोपीतला एक लहानखुरा मुलगा सारखं पाणी गिळत होता. ती त्याच्याजवळ थांबली, त्याला पाठीवर तरंगायला सांगत राहिली, आणि कयाक येईपर्यंत हलली नाही.

तेवढ्यात समोरच्या डोंगरावर वीज पडली. तिचा उजेड आणि आवाज ह्यांत एक आकडासुद्धा मोजता आला नाही. मग शिट्ट्या वाजल्या. तीन वाजून सहा मिनिटं झाली होती.

इथे तरी सगळं थांबायला हवं होतं. पण जी नऊ मुलं आधी बाहेर आली होती ती ओल्या अंगाने सायकलवर निघून गेली होती, आणि त्यांना परत बोलवायचं कुणाला सांगितलंच नव्हतं. वळणांवर उभी असलेली आपली स्वयंसेवक मुलं महाविद्यालयात जाणारी, अंगावर रेनकोट नाही, हातात वॉकीटॉकी नाही. त्यांच्यावर माझा अजिबात राग नाही. रस्ता वाहतुकीला बंद नव्हता. शेवटची दोन मुलं ३ वाजून ३५ मिनिटांनी सापडली, रस्त्याकडेच्या एका टपरीत. टपरीवाल्या मावशींनी त्यांना चुलीजवळ बसवलं होतं, अंगावर गोणपाट टाकलं होतं आणि हातात गरम चहा दिला होता. त्या मुलांची त्या दुपारी नीट काळजी घेतलेली मला दिसली ती एवढीच.

तळावर बाकीची मुलं लोखंडी खांबांच्या मंडपात, लोखंडी बॅरिकेडना टेकून उभी होती. हवा भरलेली कमान वाऱ्याने आडवी झाली होती. माझी मुलगी थडथडत होती, ओठ काळेनिळे पडले होते, चपलेचा पट्टासुद्धा तिला लावता येत नव्हता. मी चादर मागितली, नव्हती. लहान मुलांचं अंग मोठ्यांपेक्षा फार लवकर गार पडतं, कारण वजनाच्या मानाने त्यांच्या त्वचेचं क्षेत्रफळ जास्त असतं. तिला थंडगार एनर्जी ड्रिंकची बाटली आणि गळ्यात पदक मिळालं. ओल्या कपड्यांत गार वारा काय करतो ह्याचं उदाहरण फार जुनं नाही. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक गारपीट, पाऊस आणि वारा आला, आणि २१ धावपटू गेले. ते सराव केलेले, मोठे लोक होते.

सोमवारी आपल्या ग्राहक सेवेकडून उत्तर आलं : हवामान कुणाच्या हातात नसतं, आणि पालकांनी "स्वतःच्या जबाबदारीवर" ह्या अर्जावर सही केली आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्हींनी माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. हवामान हातात नसतं, सुरुवातीची शिट्टी हातात असते. मी सही केली ती पडण्याझडण्याला, खरचटण्याला, सायकल घसरण्याला. गडगडाट ऐकू येत असताना मुलीला तलावात ढकलायला मी संमती दिलेली नाही, आणि कुठलीही आई देणार नाही. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला पुरुषांची ट्रायथलॉन पावसानंतर सीन नदीचं पाणी खराब झालं म्हणून एक दिवस पुढे ढकलली. तिथे जगातले सर्वोत्तम खेळाडू होते, कोट्यवधी लोक बघत होते, तरी ढकलली. पोहणं धोक्याचं वाटलं तर ते गाळून धावणे-सायकल-धावणे असा ड्युएथलॉन घेतात, हे ह्या खेळात सगळ्यांना माहीत आहे. आणि विजांच्या पावसात तेही नको, सरळ रद्द करायचं. आपलं कार्यालय ज्या पुण्यात आहे, त्याच पुण्यात हवामान खात्याचं शिमला ऑफिस आहे. विजेची सूचना देणारं दामिनी ॲप पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलं आहे. ते फुकट आहे. त्या दिवशी ते आपल्यापैकी कुणाच्या फोनवर उघडलं होतं का?

मला लेखी उत्तर हवं आहे. २ वाजून ५५ मिनिटांची सुरुवात कुणी मंजूर केली, त्या वेळी त्या व्यक्तीसमोर हवामानाची कोणती माहिती होती, आणि स्पर्धा थांबवण्याचा अधिकार मैदानावर नेमका कुणाकडे होता. "टीमने निर्णय घेतला" हे उत्तर मी स्वीकारणार नाही. पुढची स्पर्धा जाहीर करण्याआधी विजेचा नियम आपल्या नियमावलीत लिहा आणि नोंदणीच्या पानावर सगळ्यांना दिसेल असा ठेवा, मुलांचा गट सकाळी पहिला सोडा, आणि स्पर्धा थांबवण्याचा अधिकार डॉक्टरला किंवा जीवरक्षकांच्या प्रमुखाला द्या, प्रायोजकाशी बोलणी करणाऱ्या माणसाला नको. ज्या तीन पालकांनी गडगडाट ऐकून मुलांना उतरू दिलं नाही त्यांना आपण "परतावा नाही" असं कळवलं आहे. बरोबर वागलेली माणसं त्या दुपारी तीच होती. त्यांचे पैसे आधी परत करा, आमचे नंतर.

निकालाच्या यादीत माझ्या मुलीसमोर "डीएनएफ", म्हणजे स्पर्धा पूर्ण केली नाही, असं लिहिलं आहे. ती दमून थांबलेली नाही. शिट्टी होण्याआधीच ती त्या मुलासाठी थांबली, आणि मग स्पर्धा आपण बंद केली. ३४ पैकी कुणासमोरही "डीएनएफ" लिहिण्याचा आपल्याला अधिकार नाही. ती यादी काढून टाका आणि हा गट रद्द झाला असं लिहा. त्या पिवळ्या टोपीतल्या मुलाच्या घरी आपल्यापैकी कुणी फोन केला आहे का, तेही कळवा. माझी मुलगी रोज विचारते आणि मला त्याचं नाव माहीत नाही.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सेवेतील त्रुटीची तक्रार मी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे करणार आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवून झाली आहे. सोबत शुल्काची पावती, वेळ बदलल्याचा आपला ईमेल, सोमवारचं उत्तर आणि तीन व्हिडिओ जोडले आहेत. दुसऱ्या व्हिडिओत माईकवरचं वाक्य आणि त्यामागचा गडगडाट दोन्ही स्पष्ट ऐकू येतात.

आपली,
१० ते ११ वयोगटातील एका स्पर्धक मुलीची आई
पुणे