गल्लीतल्या वीस फेऱ्या

बान्योसच्या सायकल मिस्त्रींना,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही, हे ठाऊक आहे. तरी आमच्या भाड्याच्या सायकलचा ब्रेक तुम्ही ज्या तऱ्हेने दुरुस्त केलात, त्याचे आभार मानायला लिहितो. तुमच्या गावात रोज बसमधून बाहेरची माणसं उतरतात, त्यांत आता अधूनमधून मराठी बोलणारीही असतात. निदान त्यांच्या कानावर तरी जावं.

तिथे तुम्हाला सगळे 'माएस्त्रो' म्हणतात. गवंडी, सुतार, गाड्या दुरुस्त करणारा, ज्याच्या हातात कसब आहे त्याला तुमच्याकडे हीच हाक. आमच्याकडे तोच मान 'मिस्त्री' या शब्दाला आहे, म्हणून मिस्त्री.

वाचणाऱ्यांसाठी आधी गाव सांगतो, तुम्ही तेवढं सोडून पुढे चला. बान्योस दे आग्वा सांता हे इक्वेडोरमधलं छोटं डोंगरी गाव, अँडीजच्या पूर्वेकडच्या उतारावर, साधारण १,८०० मीटर उंचीवर. डोक्यावर ५,०२३ मीटरचा तुंगुराह्वा ज्वालामुखी आणि खाली पास्तासा नदीची घळ. २,८५० मीटरवरच्या कीटोमध्ये जिना चढताना धाप लागलेला माणूस इथे उतरला की मोकळा श्वास घेतो. म्हणून सुट्टीला इथेच यावं. इथून पुयोकडे जो रस्ता उतरतो, त्याला धबधब्यांचा रस्ता म्हणतात. साठेक किलोमीटरमध्ये तो ९५० मीटरपर्यंत, थेट अ‍ॅमेझॉनच्या जंगलाच्या तोंडाशी जातो. बहुतेक जण सायकलने रिओ व्हेर्देपर्यंतचे सतरा-अठरा किलोमीटरच करतात, तिथला पैलोन देल दियाब्लो धबधबा पाहतात आणि सायकली पिकअपमध्ये टाकून परत येतात. पैलोन म्हणजे मोठी कढई. गुऱ्हाळातली काहील ज्यांनी पाहिली आहे त्यांनी तीच डोळ्यांपुढे आणावी, फक्त त्या काहिलीत ऐंशी मीटरवरून नदी कोसळते आहे आणि मालक सैतान आहे.

उतार आहे म्हणजे सोपं, असं भाड्याने सायकल घेणारे सगळे धरून चालतात. उतारावर पायांना काम नसतं. ते सगळं काम ब्रेक करतात.

आणि इथेच, जिथून आम्ही सायकल भाड्याने घेतली, त्या दुकानाचा विषय काढावा लागतो. नाव घेत नाही. पुढचा ब्रेक धरत नाही म्हटल्यावर तिथल्या माणसाने लिव्हरजवळची छोटी चक्री दोन फेरे फिरवली, लिव्हर दाबून पाहिली, अंगठा वर केला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. लिव्हर खरंच घट्ट लागत होती. तीच तर फसवणूक.

केबलवरच्या डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणारी एक चकती असते, ती डिस्क; तिला दोन बाजूंनी पॅडने चिमटणारा भाग म्हणजे कॅलिपर, आणि त्या कॅलिपरला बाहेरून एक छोटा दांडा असतो. केबल तो ओढते, दांडा फिरतो आणि बाहेरचा पॅड डिस्कवर दाबला जातो. आतला पॅड आपल्या जागीच असतो, तो स्क्रू फिरवून डिस्कजवळ आणायचा. पॅड झिजत गेला की दांड्याला जास्त फिरावं लागतं आणि लिव्हर हँडलला टेकू लागते. अशा वेळी नुसती केबल ताणली तर लिव्हर हाताला छान लागते, पण दांडा सुरुवातीलाच अर्ध्यावर येऊन बसलेला असतो. तिथून त्याचा जोर कमी मिळतो. पॅड आणखी थोडा झिजला की दांडा शेवटाला टेकतो, लिव्हर दगडासारखी कडक होते आणि चाक मात्र फिरत राहतं. उतारावर, पावसात, मागे ट्रक असताना हे कळून उपयोग नाही. भाड्याची सायकल घेताना लिव्हर दाबून समाधान मानू नका. खाली वाकून तो दांडा कुठून निघतो आणि कुठवर जातो ते बघा.

तुम्ही नेमकं तेच केलंत. लिव्हरला हात न लावता आधी खाली बसलात, दांडा पाहिलात आणि जिभेने 'च्च' केलंत. तो आवाज कळायला स्पॅनिश यावं लागत नाही.

चाक निघालं, पॅड बाहेर आले. लायनर, म्हणजे पॅडवरचा घासणारा थर, अर्ध्या मिलिमीटरवर आला की पॅड बदलायचा असतो. इथे बाहेरच्या पॅडचा लायनर एका कडेला संपून पत्रा उघडा पडला होता आणि त्या पत्र्याने डिस्कवर रेघोट्या ओढल्या होत्या. आतला पॅड बराच शाबूत होता, कारण त्याचा स्क्रू कुणी कधी फिरवलाच नव्हता. सगळा भार एकट्या बाहेरच्यावर. तुम्ही दोन्ही पॅड तळहातावर शेजारी शेजारी ठेवून दाखवलेत, बोलला काहीच नाहीत. डिस्कची जाडी मोजलीत. दीड मिलिमीटरच्या खाली गेली की डिस्कही टाकायची असते, ही अजून चालण्यासारखी होती.

मग तुम्ही ड्रॉवरमधून 'पास्तीयास' काढल्यात. औषधाच्या गोळीला आणि ब्रेकच्या पॅडला तुमच्याकडे एकच शब्द, हे कळल्यावर गंमत वाटली. दोन प्रकारच्या होत्या, एक धातूच्या भुकटीची, दुसरी रेझिनची म्हणजे मऊ. धातूच्या भुकटीचे पॅड पावसात आणि चिखलात जास्त टिकतात, महागही असतात. ते विकले असतेत तर कुणाला काय कळणार होतं? पण तुम्ही डिस्कवरची बारीक अक्षरं अंगठ्याने पुसून वाचलीत. फक्त रेझिनचे पॅड वापरा, असं तिथे लिहिलं होतं. मऊ डिस्कला धातूचे पॅड खातात. महागडी डबी परत ड्रॉवरमध्ये गेली.

बसवण्याचं काम झटपट झालं. ते इथे लिहीत बसत नाही, जाणणाऱ्याला ठाऊक आहे आणि इतरांना नुसतं वाचून येणार नाही. एवढंच सांगतो, तेलकट फडका तुम्ही त्या डिस्कच्या आसपासही येऊ दिला नाहीत. साखळीला तेल मारताना मध्ये पुठ्ठा धरलात. तेलाचा एक थेंब पॅडमध्ये मुरला की तो पॅड किंचाळतो, धरत नाही, आणि पुसून सुधारतही नाही. मागचा ब्रेक ठीक होता, तिथे फक्त स्क्रू सारखा केलात.

इथवरचं काम कुणीही चांगला मिस्त्री करेल. हे पत्र त्याच्या पुढच्या वीस मिनिटांसाठी आहे.

नवा पॅड नव्या बुटासारखा असतो, लगेच साथ देत नाही. लायनरचा अगदी पातळ थर डिस्कवर एकसारखा बसावा लागतो, तेव्हा कुठे पकड येते. त्यासाठी बऱ्यापैकी वेगात यायचं, ब्रेक दमाने पण जोर लावून दाबायचा, चालण्याच्या वेगावर आलं की सोडून द्यायचं. चाक जाम करायचं नाही, पूर्ण थांबायचंही नाही. असं वीस-तीस वेळा. बहुतेक ठिकाणी गिऱ्हाइकाला सांगतात, सुरुवातीला जरा जपून चालवा. काही ठिकाणी तेवढंही सांगत नाहीत. तुमच्या रस्त्यावर 'सुरुवातीला' म्हणजे आगोयान धरणाचा उतार आणि त्यापुढचा बोगदा.

बाहेर भुरभुर पाऊस सुरू होता. तुम्ही आधी गल्लीकडे पाहिलंत, मग सायकलकडे, आणि ॲप्रन न काढता सीटवर बसलात. सीट तुमच्या उंचीला फार वर होती. ती खाली करायचे कष्ट घेतले नाहीत, पुन्हा आमच्या मापाला वर करावी लागली असती. अर्धे उभे राहूनच चालवलीत. गल्लीच्या वरच्या टोकापासून खाली, विजेच्या खांबापाशी ब्रेक, मग वळून पुन्हा वर. पहिल्या फेरीला खांबापासून निघालेला फुसफुस आवाज पार बेकरीच्या पायरीपर्यंत गेला, वेग उतरायचं नाव नव्हतं. सातव्या-आठव्या फेरीत आवाज बदलला, खालच्या पट्टीत गेला, आणि पुढचं चाक धरणारा फोर्क पहिल्यांदा खाली दबलेला दिसला. पुढे बेकरीची पायरी लांबच राहू लागली. शेवटी शेवटी खांब आणि गटाराचं झाकण यांच्यामध्येच सायकल माणसाच्या चालीवर येत होती. दर फेरीनंतर डिस्कवर पडलेल्या थेंबाची वाफ व्हायची. वर चढताना तुमची धाप दुकानापर्यंत ऐकू यायची. बेकरीतली बाई दारात येऊन हसत होती, तुम्हीही हसलात, पण मोजणं चुकवलं नाहीत. वीस.

ती सायकल तुमची नव्हती, आमचीही नव्हती. ज्या दुकानाने दोन फेरे चक्री फिरवून बोळवण केली होती, त्याच दुकानात ती संध्याकाळी परत जाणार होती.

नंतर एक छोटी गोष्ट केलीत, तीही लिहून ठेवतो, कारण भारतातून जाणाऱ्या प्रत्येकाला ती लागेल. आपल्याकडे सायकलच्या उजव्या लिव्हरने पुढचा ब्रेक लागतो. तिकडे डाव्या लिव्हरने. घाबरलेला हात विचार करत नाही, सवयीचा हात दाबतो, आणि सवय उलटी असली की ओल्या उतारावर माणूस हँडलवरून पुढे जातो किंवा मागचं चाक घसरतं. कुठून आलो ते कळल्यावर तुम्ही डावी लिव्हर दाबून पुढचं चाक दाखवलंत आणि तिच्यावर निळ्या चिकटपट्टीचा तुकडा गुंडाळलात. नवशिक्याने निघण्याआधी मोकळ्या जागेत दहा मिनिटं उलट्या हातांची सवय करावी.

रस्त्याबद्दल तुम्ही हातवारे करून जे सांगितलंत ते तंतोतंत तसंच होतं. वाहतूक उजवीकडून. पहिला बोगदा सायकलवाल्यांनाही चुकत नाही, त्यात मागचा लाल दिवा चालू हवा, एकामागे एक चालवायचं आणि मध्ये थांबायचं नाही. नंतरच्या बोगद्यांपाशी मात्र उजव्या हाताला जुना रस्ता फुटतो, तोच धरायचा. तो घळीच्या कडेने जातो, खडीचा आहे, कुठे कुठे डोंगरावरचं पाणी थेट अंगावर पडतं. वाटेत मांतो दे ला नोव्हिया लागतो, म्हणजे नवरीची ओढणी. तिथे तारेवरच्या पाळण्यातून घळ ओलांडता येते. परतीचा चढ, अंधार आणि ट्रक यांची बेरीज करून रिओ व्हेर्देहून पिकअपने परतण्यात काही कमीपणा नाही. पैलोनला कितीही जपलं तरी भिजायचंच आहे, तेव्हा एक कोरडा शर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. जून-जुलैत या उतारावर पाऊस सर्वाधिक असतो, त्या दिवसांत ब्रेक दुप्पट तपासून घ्यावेत.

संध्याकाळी अंग शेकायला गरम पाण्याचे हौद आहेतच, गावाचं नावच त्यावरून पडलं. व्हिर्हेनच्या, म्हणजे कुमारी मेरीच्या, कुंडांत बसून वर धबधबा दिसतो. पाणी मातकट पिवळं दिसलं म्हणून नाक मुरडू नका, ते खनिजांनी तसं आहे. डोक्याला पोहण्याची टोपी लागतेच, नसेल तर आत सोडत नाहीत. सगळ्यात गरम हौदात पाच-सात मिनिटं बसून गार पाण्यात यावं, तासभर बसणाऱ्याला उठताना भोवळ येते. बाहेर पडलं की दारोदारी उसाच्या पाकाची मेल्कोचा ओढत उभी असलेली माणसं. भिंतीतल्या खुंटीवर पाक टाकायचा, ओढायचा, दुमडायचा, पुन्हा ओढायचा, पांढुरका होईतो. आपल्याकडे रेवडी करणारे हेच करतात. आणि बस स्टँडजवळ उसाचा रस! फक्त घुंगरांचा आवाज नाही.

तुमच्या गावाने भलं-बुरं बरंच पाहिलंय. १९९९च्या ऑक्टोबरात ज्वालामुखी जागा झाला म्हणून सगळं गाव रिकामं केलं गेलं, आणि २०००च्या जानेवारीत लोक सैन्याचा पहारा मोडून घरी परतले. पुढे २०१६पर्यंत डोंगर अधूनमधून धुमसत राहिला, तरी दुकानं उघडत राहिली. चौकातल्या चर्चमध्ये देवीने माणसांना कशाकशातून वाचवलं त्याची मोठमोठी चित्रं आहेत. तुमच्या वीस फेऱ्यांचं चित्र तिथे कुणी काढणार नाही, कारण त्यानंतर काही घडलंच नाही. बोगद्याआधीच्या उतारावर ब्रेक दाबला, सायकल थांबली, एवढंच.

तुमच्या बिलावर दोन ओळी होत्या, एक पॅडची आणि एक बसवण्याची. फेऱ्यांबद्दल विचारलं तर तुम्ही ओल्या ॲप्रनला हात पुसत मान हलवलीत आणि पुढची पंक्चर ट्यूब पाण्यात बुडवलीत.

मनापासून आभार, मिस्त्री.

ता. क. झिजलेले पॅड तुम्ही वर्तमानपत्राच्या कागदात बांधून दिले होतेत. सायकल परत करताना ती पुडी त्या दुकानाच्या काउंटरवर ठेवली. निळी पट्टी लिव्हरवर तशीच राहू दिली आहे.