बोटुकलीचे आईबाप कोण?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मत्स्यसंवर्धनाविषयी जे काही छापून येते त्यात खाद्य, एरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) आणि औषधे यांचाच बोलबाला असतो. तळ्यातले मासे मरू लागले की कोणते औषध टाकायचे, हे सगळे विचारतात. मेलेल्या माशांचे आईबाप कोण होते, हे कोणीच विचारत नाही. गाय घेताना तिची वंशावळ पाहणारा माणूसही बोटुकली, म्हणजे तळ्यात सोडायची बोटाएवढी पिल्ले, मात्र नगावर मोजून घेतो.

अडचणीचे मूळ माशाच्या अफाट जननक्षमतेत आहे. एक किलो वजनाची रोहू मादी दोन लाखांच्या आसपास अंडी देते. त्यामुळे हॅचरीचे, म्हणजे पिल्ले तयार करणाऱ्या केंद्राचे, काम मोजक्या जोड्यांवर भागते, पुढचे प्रजनकही (पैदाशीसाठी राखलेले नर-माद्याही) त्याच पिल्लांतून उचलले जातात आणि भावंडांचीच लग्ने लागत राहतात. पाच नर आणि पाच माद्या एवढ्यावरच वंश चालवला, तर अंतःप्रजनन (जवळच्या नात्यातली पैदास) दर पिढीला सुमारे ५ टक्क्यांनी वाढते. पन्नास-पन्नास ठेवले तर अर्ध्या टक्क्याने. वाकडे कणे, खुंटलेली वाढ, जिऱ्यांतली (नुकत्या जन्मलेल्या पिल्लांतली) मरतूक ही त्याची फळे. भरीस भर म्हणजे झपाट्याने वाढलेले मासे आधी विकले जातात आणि मागे उरलेले खुरटे प्रजनक होतात. ही निवडच आहे, फक्त उलटी!

सरळ निवडीने काय साधते, हे आता नवे राहिलेले नाही. नॉर्वेने १९७०च्या दशकात चाळीसेक नद्यांतले सॅमन गोळा करून पैदास सुरू केली. फिलिपिन्समध्ये १९८८ साली आफ्रिकेतले चार रानटी आणि आशियातले चार पाळीव वाण एकत्र आणून तिलापिया माशाचा ‘गिफ्ट’ हा सुधारित वाण घडवण्यास आरंभ झाला. भुवनेश्वरच्या ‘सीफा’ या मत्स्यसंशोधन संस्थेची जयंती रोहू ही सुधारित जातही याच पद्धतीची.

पण नुसत्या वाढीच्या वेगावर भाळणे मला पटत नाही. काटकपणाही निवडता येतो, जरा आडवाटेने. ज्याच्यापासून पैदास घ्यायची त्या माशाला रोगजंतू टोचून चालत नाही. म्हणून त्याची सख्खी भावंडे वेगळ्या, बंदिस्त टाक्यांत रोगाला सामोरी केली जातात आणि ज्या कुटुंबातली जास्त तगतात त्यातले निरोगी नर-मादी पुढे घेतले जातात. इथे मात्र माशाची तीच अफाट जननक्षमता कामाला येते. सॅमनमधल्या आयपीएन या विषाणूजन्य रोगाबाबत तर २००८च्या सुमारास असे दिसले की प्रतिकारातला बहुतांश फरक एकाच जनुकस्थानावर ठरतो. माशाच्या पराचा (पोहण्याच्या पंखाचा) इवलासा तुकडा तपासून प्रजनक निवडता येऊ लागले आणि त्या रोगाच्या साथी बऱ्याच ओसरल्या. अर्थात असे नशीब क्वचितच. सॅमनला छळणाऱ्या सागरी उवा या परजीवींविरुद्धचा प्रतिकार अनेक जनुकांत विखुरलेला आहे, तिथे काम चिवटपणे पिढ्यान् पिढ्या करावे लागते.

लस हा दुसरा आधार. नॉर्वेच्या मत्स्यशेतीत १९८७ साली जवळपास ५० टन प्रतिजैविके वापरली गेली. उत्पादन कित्येक पटींनी वाढूनही अलीकडे अनेक वर्षी हा वापर एक टनाच्याही आत राहिला आहे, आणि त्याचे मोठे श्रेय लशीला जाते. पाण्यातला प्राणवायू आणि तळ्यातली दाटी सांभाळणे तर ओघाने आलेच. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे.

तेव्हा हॅचरीने बीज (पिल्ले) विकताना तीन गोष्टी लेखी द्याव्यात: किती नर-माद्यांपासून ते घेतले, प्रजनकांत बाहेरचे रक्त शेवटचे कधी आले आणि कोणत्या रोगांची तपासणी झाली. बाहेरून आणलेले प्रजनक आधी विलग ठेवले होते का, हेही त्यात असावे, कारण नव्या रक्तासोबत नवा विषाणूही येऊ शकतो. नियम होईल तेव्हा होईल. तोवर घेणाऱ्यांनी निदान हे विचारायला सुरुवात करावी.

आपला,
एक मत्स्यसंवर्धक वाचक