किकुनाच्या ओबाचान, तुमच्यामुळे आम्ही तो सामना पाहिला

प्रिय ओबाचान,

सा. न. वि. वि.

तुमचं पत्र परवा पोचलं. खाणावळ बंद करून तुम्ही मुलीकडे सेंदाईला राहायला जाताय हे वाचल्यावर आमच्या चौघांच्या ग्रुपवर दिवसभर दुसरा विषय नव्हता. जपानीतलं उत्तर आमची मैत्रीण तुम्हाला वेगळं पाठवते आहे. हे पत्र मी मुद्दाम मराठीत आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण ऑक्टोबर २०१९ मधल्या त्या वादळाच्या शनिवारी आणि सामन्याच्या रविवारी तुम्ही आमच्यासाठी जे केलंत, ते इकडच्या माणसांना कळावं असं फार दिवस मनात आहे.

इकडच्या वाचकांना थोडं मागचं सांगायला हवं. जपानीत वडीलधाऱ्या बाईला प्रेमाने ओबाचान म्हणतात. यांची खाणावळ योकोहामातल्या किकुना भागात. आम्ही चौघं पुण्यात रग्बी खेळलो. आपल्याकडे हा खेळ फार लोकांना माहीत नाही. अंडाकृती चेंडू, पास द्यायचा तो फक्त मागे, आणि पुढे जायचं तर चेंडू पोटाशी धरून समोरच्याच्या अंगावरून जायचं किंवा लाथेने उडवायचा. २०१९ चा विश्वचषक जपानमध्ये होता, आशियातला पहिला. जपानने शिझुओकात आयर्लंडला १९-१२ हरवलं तेव्हा आम्ही सॅका भरतच होतो. आमची तिकिटं होती जपान विरुद्ध स्कॉटलंडची, १३ ऑक्टोबर, योकोहामा. रात्रीच्या बसने प्रवास, डॉर्मिटरीत झोप, जेवण जिथे स्वस्त मिळेल तिथे, असा आमचा बेत होता.

आणि त्याच शनिवार-रविवारी १९ नंबरचं वादळ आलं. बाहेरच्या जगात ते हगिबिस म्हणून ओळखलं जातं. आयोजकांनी गुरुवारीच शनिवारचे दोन सामने रद्द केले, त्यातला इंग्लंड-फ्रान्स आमच्याच स्टेडियमवरचा. रेल्वे कंपन्यांनी गाड्या कधीपासून बंद ठेवणार ते आदल्या दिवशीच सांगून टाकलं. आम्ही उतरलो होतो ते हॉस्टेल नदीजवळच्या सखल भागात होतं. तिथून निरोप आला, शनिवारी सकाळी खोल्या रिकाम्या करा.

शुक्रवारी रात्री तुमच्याकडे जेवताना आमच्या मैत्रिणीने तुम्हाला एवढंच विचारलं होतं की जवळच्या कुठल्या शाळेत निवारा केंद्र उघडणार आहे. पुण्यात शिकलेलं तिचं जपानी तेव्हा अडखळत होतं. तुम्ही ऐकलंत, गॅस बारीक केलात, वर गेलात. खाली आलात ते हातात गाद्यांची खोळ घेऊनच. "वरची खोली रिकामी आहे. चढावर आहे, इथपर्यंत पाणी येत नाही. उद्या सकाळी नऊच्या आत सामान घेऊन या." आमची नावंही तुम्ही अजून विचारली नव्हती.

त्या शनिवारच्या सकाळची तुमची तयारी माझ्या डोळ्यांसमोर अजून लख्ख आहे. दुकानांतून टेप संपली होती, पण तुमच्याकडे सप्टेंबरातल्या वादळापासून उरलेलं अर्धं रीळ होतं. त्यातली टेप तुम्ही आमच्याकडून खिडक्यांना लावून घेतलीत, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. न्हाणीतला टब काठोकाठ भरायला लावलात. प्यायला नव्हे, पाणी गेलं तर संडासात ओतायला. वीज जायच्या आत भात शिजवून घेतलात. आणि आमच्यातला एक पक्का शाकाहारी आहे हे आदल्या रात्री कळल्यापासून तुम्ही त्याच्यासाठी वेगळं पातेलं चढवलं होतंत. मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या सारात बहुतेक वेळा माशाचा अर्क असतो. तुम्ही कोम्बू हे समुद्री शेवाळ आणि वाळवलेले शिताके मशरूम रात्रभर भिजत घालून त्या पाण्यात त्याचं सार केलंत. जपानमध्ये आल्यापासून पोरगं केळी आणि ब्रेडवर होतं. वाटीच्या वाटी प्यायला. त्या गडबडीत, डोक्यावर वादळ असताना, अनोळखी पाहुण्याच्या पथ्याची आठवण ठेवणं किती जणांना जमेल?

दुपारी साडेतीनला सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले. कानागावा, टोकियो आणि आसपासच्या प्रांतांना सर्वांत वरच्या पातळीचा पावसाचा इशारा. संध्याकाळी वादळ इझू द्वीपकल्पावर धडकायच्या थोडं आधी भूकंपाचा धक्का बसला. घर कुरकुरलं, कपाटातल्या वाट्या वाजल्या, आम्ही एकमेकांकडे बघतोय, आणि तुम्ही गॅस बंद आहे ना ते पाहून पुन्हा टीव्हीसमोर बसलात. टीव्हीवर सांगत होते की सागामी नदीवरच्या शिरोयामा धरणातून पाणी सोडणार. सागामी तुमच्या घरापासून लांब आहे, हे तुम्ही मला नकाशावर बोट ठेवून दाखवलंत. पण मी सांगलीचा. धरणातून पाणी सोडणार हे शब्द आमच्याकडे पोटात गोळा आणतात. दोनच महिन्यांपूर्वी, ऑगस्टमध्ये, आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं आणि आई-बाबांना होडीतून काढावं लागलं होतं. मी गप्प झालो ते तुमच्या लक्षात आलं. मैत्रिणीकडून तुम्ही सगळं विचारून घेतलंत, घर केवढं, पाणी किती दिवस होतं, आईचं स्वयंपाकघर पुन्हा लागलं का. मग चहा माझ्यापुढे सरकवलात आणि म्हणालात, "आज रात्री मी जागी आहे. तू झोप."

तुम्ही खरोखरच जाग्या होतात. मला झोप कुठली? जिन्यावरून खाली पाहिलं तर तुम्ही टेबलाशी एक शाळकरी वही उघडून फोन करत बसला होतात. तुमची नेहमीची गिऱ्हाइकं, त्यातली एकटी राहणारी. प्रत्येकाला एकच प्रश्न, "कुठे आहात, कोणी सोबत आहे का, पाणी भरून ठेवलंत का?" बोलणं झालं की नावापुढे पेन्सिलने गोल. एकांनी फोन उचलला नाही, तर तुम्ही दर थोड्या वेळाने लावत राहिलात, तो लागेपर्यंत. सकाळी ती वही टेबलावर उघडीच होती. शेवटच्या पानावर काताकाना या जपानी लिपीत आमची चौघांची नावं होती आणि चारही नावांपुढे गोल होते.

सकाळ उजाडली ती स्वच्छ, निळी. आणि टीव्हीवर नागानोत चिकुमा नदीचा बांध फुटून आगारात उभ्या बुलेट ट्रेन गढूळ पाण्यात अर्ध्या बुडालेल्या. त्या वादळाने शंभराच्या आसपास माणसं नेली, हे पुढे कळलं. त्या सकाळी आकडा तासातासाला वाढत होता. असं असताना आम्ही सामन्याला जायचं का, हे आम्हाला कळेना. कामाइशीतला नामिबिया-कॅनडा सामना रद्द झाला होता. ते कॅनडाचे खेळाडू फावडी घेऊन गावातला चिखल उपसायला उतरले, हे आम्ही नंतर वाचलं. आमच्या सामन्याचा निर्णय स्टेडियमची तपासणी करून सकाळी होणार होता. नियम असा होता की सामना रद्द झाला तर बरोबरी धरायची, दोघांना दोन-दोन गुण. म्हणजे जपान न खेळता उपांत्यपूर्व फेरीत आणि स्कॉटलंड घरी. मी हे तुम्हाला समजावून सांगितलं. त्या विश्वचषकाआधी तुम्ही रग्बीचा एकही सामना पाहिलेला नव्हता, पण क्षणभर विचार करून तुम्ही म्हणालात, "मग खेळायलाच हवं. नाहीतर ते पाहुणे आयुष्यभर काय म्हणतील?"

सामना होणार हे जाहीर झालं आणि तुम्ही ओनिगिरी, म्हणजे भाताचे मुटके, वळायला बसलात. मला तेव्हाही वाटत होतं की आपण जाऊ नये. तुम्ही भाताकडे पाहत म्हणालात, "त्या मैदानावर माणसं रात्रीपासून राबतायत. तुम्ही गेला नाहीत तर ती कशासाठी राबली? जा, आणि दोघांसाठीही ओरडा." हे वाक्य मी अनेकांना सांगितलं आहे.

तुम्ही काढून दिलेल्या नकाशावरून आम्ही चालत गेलो. वाटेत त्सुरुमी नदी दुथडी वाहत होती, आणि स्टेडियमच्या खालचं अख्खं उद्यान पाण्याखाली होतं. ते तसंच बांधलंय, हे मला तिथेच कळलं. नदी चढली की पाणी आपोआप त्या सखल उद्यानात शिरावं, खालची वस्ती वाचावी, म्हणून स्टेडियम हजाराहून जास्त खांबांवर उचलून धरलंय. त्या रात्री तिथे नऊ लाख घनमीटरच्या वर पाणी साठलं. पाण्याला जागा राखून ठेवायची आणि मग त्याच्या वर आपलं बांधकाम करायचं, हे पाहून सांगलीचा माणूस म्हणून मी वाटेतल्या पुलावर बराच वेळ थांबलो. आमच्याकडे पूररेषेत जे चालतं ते इथे लिहीत नाही.

आत ६७,६६६ माणसं. सामन्याआधी सगळं स्टेडियम मृतांसाठी उभं राहिलं आणि टाचणी पडली तर ऐकू येईल इतकं शांत झालं. मग खेळ. पहिला ट्राय, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे नेऊन टेकवणं, स्कॉटलंडच्या फिन रसेलचा. बरोबरी मात्सुशिमाने केली. त्यानंतरचा ट्राय मी मरेपर्यंत विसरणार नाही. टॅकल होता होता, जमिनीकडे कोसळता कोसळता प्रत्येक जण चेंडू पाठोपाठ येणाऱ्या सोबत्याच्या हातात देत गेला, एक, दोन, तीन हात, आणि शेवटी गोलखांबांजवळ चेंडू टेकवला तो कोणी, तर प्रॉप इनागाकीने. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांच्या रेटारेटीत, खांदे झिजवणाऱ्या माणसाचा देशासाठीचा पहिला ट्राय! आमच्यातला प्रॉप तेव्हा हमसून रडला. मग फुकुओकाचे दोन, त्यातला दुसरा तर समोरच्याच्या हातातून चेंडू हिसकावून घेऊन धावत. २८-७. आणि तिथून स्कॉटलंड परत आलं, दोन ट्राय, २८-२१. शेवटची पंचवीस मिनिटं एकही गुण झाला नाही, आणि तीच सामन्यातली सर्वांत भारी पंचवीस मिनिटं. तुम्ही सांगितलं होतंत म्हणून आम्ही स्कॉटलंडसाठीही ओरडलो. अखेरचे सेकंद अख्खं स्टेडियम उलटे मोजत होतं. आशियातला संघ पहिल्यांदाच विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत गेला.

परत आलो तर दिवा चालू, टब आता गरम पाण्याने भरलेला, आणि शेजारच्या दोघी तुमच्याकडे टीव्ही बघायला जमलेल्या. तुमचा पहिला प्रश्न, "तो इनागाकी हसत का नाही?" दुसरा, भारतातल्या मुलांना या खेळाचं वेड कुठून लागलं. तेव्हा मी तुम्हाला कलकत्ता कपाची गोष्ट सांगितली होती. कोलकात्यातला एक रग्बी क्लब १८७८ मध्ये बंद झाला, खात्यात उरलेले चांदीचे रुपये वितळवून त्याचा चषक केला, हँडल म्हणून नाग, झाकणावर हत्ती, आणि इंग्लंड-स्कॉटलंड आजही त्यासाठी खेळतात. शेजारीणबाईंना हत्ती खरा वाटेना, म्हणून फोनवर फोटो दाखवावा लागला.

खोलीचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. पाकीट ठेवून निघालो तर चढ उतरून मागे धावत आलात आणि परत दिलंत. त्या वयात, त्या चढावर.

आता खरं सांगायचं ते. जुलै २०२१ मध्ये कृष्णा पुन्हा चढली. तेव्हा मी सांगलीतच होतो. पाणी गल्लीच्या तोंडाशी यायच्या आदल्या दिवशी मी एक वही घेतली आणि आमच्या भागातल्या एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांची नावं आणि नंबर लिहून फोन लावत बसलो. कोणाला दम्याची औषधं हवी होती, कोणाची शेळी होती, एका काकांना घर सोडायचंच नव्हतं आणि त्यांना पाच वेळा फोन केला. सगळे वेळेत बाहेर पडले. ती वही आता गल्लीतल्या मंडळाकडे असते, पावसाळ्याआधी कॉलेजची दोन मुलं नंबर तपासतात. तुमचं नाव तिच्यात कुठे नाही, पण ती तुमचीच आहे. हे तुम्हाला कधी कळवलं नव्हतं.

आम्ही चौघं, आणि आमच्या चौघांच्या घरची सगळी, तुमचे मनापासून आभारी आहोत. माझ्या आईने वेगळा नमस्कार सांगितला आहे. तिचं म्हणणं आहे की मुलीला घेऊन थंडीत सांगलीला यावं, भाकरी ती स्वतः शिकवेल. शाकाहारी मित्राला त्या साराचं नेमकं प्रमाण हवं आहे, कोम्बू किती आणि शिताके किती. त्याच्या हातून तशी चव येत नाही.

तासगावचा नवा बेदाणा मार्च-एप्रिलात निघतो. मागच्या वेळी पाठवलेला हिरवा तुम्हाला जास्त आवडला होता, या वेळी तोच पाठवतो. तेवढा सेंदाईचा पत्ता कळवा.

तुमच्या वरच्या खोलीतली,
चौघं